गुहेच्या अर्ध्या वाटेवरून

रांग थांबली तेव्हा मिस्त्रीच्या नाकासमोर साडूचे तळवे होते. एका टाचेला भेग पडली होती आणि तिच्यात चिखल बसला होता. वरचा दगड पाठीला टेकत होता, कोपरांखालून गार पाणी वाहत होतं, आणि मागे हातभर अंतरावर त्याची बायको पुटपुटत देवीचं नाव घेत होती.

"का थांबलो?" त्यानं विचारलं.

"पुढे कुणी म्हातारी आहे," साडू म्हणाला. "दमानं घ्या मिस्त्री. देवी कुठे पळून चालली नाही."

गुहा तशी लांब नव्हती. वीस-पंचवीस हात सरपटत जायचं, मग उभं राहता येईल एवढी जागा, तिथे देवी, आणि पलीकडून बाहेर पडायला दुसरी वाट. पायथ्यापासून डोंगर चढताना चार तास सगळे एकच विनोद करत होते : जो पापी, तो आत अडकतो. साडूचं पोट बघून तर अनोळखी लोकही हसत होते. मिस्त्री सगळ्यांत मोठ्यानं हसला होता. "अडकलात तर घाबरू नका," तो म्हणाला होता, "आमचा धंदाच तो!"

धंदा खरंच तोच होता. लिफ्टच्या दुरुस्तीत त्याची सव्वीस वर्षं गेली होती. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट बंद पडली की आतली माणसं दार बडवायची, रडायची, आणि मिस्त्री बाहेरून फटीला तोंड लावून सांगायचा, "हवा भरपूर आहे. खाली बसा. मी आहे ना." घरी आल्यावर तो त्या माणसांच्या नकला करून दाखवायचा. कोण कसं ओरडलं, कुठल्या बड्या साहेबांनी आईला हाक मारली. बायको शिवणयंत्रावरची मान वर न करता म्हणायची, "असं कुणाला हसू नये हो."

आता फटीच्या आतल्या बाजूला तो स्वतः होता.

आधी छाती फुगवायला जागा नाही असं वाटलं, आणि फुगवून पाहिली तर खरंच दगड लागला. त्यानंतर अंगातलं सगळं शहाणपण कुठे गेलं, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

"मागे सरक," तो बायकोला म्हणाला.

"अहो, मागे माणसं आहेत. आत्ता हलेल रांग."

"सरक म्हणतो ना! सरक, मेलो मी!"

तो पाय झाडत मागे रेटू लागला. टाचेखाली काहीतरी मऊ आलं. त्यानं जोर दिला. बायको किंचाळली. त्यानं पुन्हा जोर दिला. पुढे कितीतरी महिने त्याला आठवत राहिलं ते हे 'पुन्हा'. पहिल्या वेळी कळलं नव्हतं. दुसऱ्या वेळी कळलं होतं.

मागची माणसं शिव्या घालत एकेक करून बाहेर निघाली. त्यांच्यामागून बायको, आणि शेवटी मिस्त्री, रांगत, उलटा. उजेडात आल्यावर त्यानं आधी पोटभर श्वास घेतला आणि मगच तिच्याकडे पाहिलं. ती पायरीवर बसली होती. उजव्या हाताची दोन बोटं दगड आणि टाच यांच्यामध्ये चिरडली होती. एका बोटाचं नख उचकटलं होतं. याच हातानं ती कात्री धरायची.

"बाई, रक्त थांबत नाहीये," गुहेच्या तोंडाशी उभा असलेला राखणदार म्हणाला. "आधी खाली जाऊन पट्टी करून घ्या. असं आत नाही सोडता येणार."

तिनं गुहेकडे पाहिलं. मुलगी सहा वर्षांची असताना तापानं बेशुद्ध पडली होती, तेव्हाचा तो नवस. ती मुलगी आता सासरी होती. मधली एकोणीस वर्षं 'पुढच्या वर्षी नक्की' असं मिस्त्रीच म्हणत आला होता. बायकोनं डाव्या हातात उजवा हात धरला, तसाच कपाळाला लावला आणि गुहेच्या तोंडाकडे बघून हळूच म्हणाली, "येते गं."

एवढ्यात साडू आणि ताई पलीकडच्या वाटेनं वळसा घालून आले. ताई म्हणजे तिची थोरली बहीण. दोघांच्या कपाळावर ताजं कुंकू होतं, चेहरे उजळले होते.

"अरे! काय झालं? आत दिसला नाहीत!"

मिस्त्री काही बोलणार, तोच बायको म्हणाली, "मलाच गुदमरल्यासारखं झालं. यांना माझ्यासाठी मागे यावं लागलं."

साडूनं मिस्त्रीच्या पाठीवर थाप मारली. "नशीबवान आहेस गं! दाराशी आलेली देवी सोडून नवरा तुझ्यासाठी मागे फिरला."

खाली उतरून पट्टी करून झाल्यावर दवाखान्याबाहेरच्या बाकावर ताई म्हणाली, "राग मानू नकोस. पण गुहा उगाच कुणाला अडवत नाही. आई अंथरुणाला खिळली होती, तेव्हा दोन दिवस तरी येऊन राहिलीस का तू?"

त्या वर्षी मिस्त्रीला कावीळ झाली होती. दोन महिने तो पडून होता आणि बायको त्याच्या उशाशी होती. बोलायचं असेल तर आत्ताच, हे त्याला लख्ख कळलं. बायको मान खाली घालून पट्टीकडे बघत होती. मिस्त्री उठला आणि कोपऱ्यातल्या नळावर पाणी प्यायला गेला. तहान लागली नव्हती.

घरी आल्यावर गोष्ट इमारतभर झाली. जिन्यात भेटेल तो मिस्त्रीचं कौतुक करू लागला. तीन आठवडे बायकोला कात्री धरता आली नाही. गिऱ्हाइकं न शिवलेले कपडे परत घेऊन गेली. हाताशी कुणी हवं म्हणून मुलगी आठ दिवस राहायला आली.

"आई, तू पण ना!" पोळ्या लाटता लाटता मुलगी हसली. "बाबा रोज अडकलेली माणसं सोडवतात आणि तुला दहा मिनिटं धीर धरवला नाही?"

"ती नाही घाबरली," मिस्त्री दारातून म्हणाला. "मी घाबरलो. तिची बोटं मीच तुडवली. ती ओरडली तरी तुडवली."

मुलगी लाटणं हातात धरून त्याच्याकडे बघत राहिली. मग तिचे डोळे भरून आले. "किती सांभाळून घेता हो तिला, बाबा."

"अगं, खरं सांगतोय. तू सांग ना हिला," तो बायकोला म्हणाला.

"तव्याकडे बघ, पोळी करपतेय," बायको मुलीला म्हणाली.

साडूलाही त्यानं फोन केला. साडू म्हणाला, "जाऊ द्या हो मिस्त्री. आमच्या हिचं बोलणं मनावर घेऊ नका. बायकोची बाजू घेताय, कळतं आम्हाला."

मुलगी सासरी परतली त्या दुपारी त्यानं बायकोला विचारलं, "का बोलली नाहीस?"

ती डाव्या हातानं सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करत होती. "सांगायचं होतं ते बाकावर सांगायचं होतं," ती म्हणाली. "तुम्ही नळावर गेलात." आवाजात राग नव्हता. असता तर त्याला बरं वाटलं असतं. "आता सांगताय ते तुम्हाला हलकं वाटावं म्हणून. सांगा. पण मला साक्षीला उभं करू नका."

त्यानं तिच्या हातातून सुई घेतली, दोरा ओवला आणि परत दिली. तिनं घेतली.

"पुढच्या वर्षी मी जाणार आहे," ती म्हणाली. "गुहेत एकटी जाईन. तुम्ही दारापर्यंत या."

पुढच्या वर्षी ते दोघंच गेले. तिचं नख वाकडं उगवलं होतं आणि ते बोट पूर्ण मिटत नव्हतं. गुहेपाशी तिनं चपला काढल्या, पदर खोचला आणि मागे न बघता ओणवी होऊन आत शिरली. तिचे तळवे अंधारात दिसेनासे होईपर्यंत तो वाकून बघत राहिला. मग चपला उचलून शेजारच्या दगडावर बसला.

रांगेतल्या एका माणसानं विचारलं, "तुम्ही नाही का येत दर्शनाला?"

"नाही," मिस्त्री म्हणाला. "मला आत भीती वाटते."

माणसानं मान डोलावली. "मग आमच्या चपला बघाल जरा?"

"ठेवा."

त्यानं ठेवल्या. त्याचं बघून मागच्या दोघांनीही ठेवल्या. मिस्त्रीनं ते तीन जोड पायाशी नीट लावून ठेवले, बायकोच्या चपला मांडीवर घेतल्या, आणि पलीकडच्या वाटेकडे बघत बसला.