खिडकीबाहेरची घरघर

चौथ्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाईला सगळी इमारत टाकेबाई म्हणायची. नवरा जहाजावर, घरात ती आणि कानाशी ओरडल्याशिवाय काही ऐकू न येणाऱ्या सासूबाई. महिनाभर रोज दुपारी चारच्या सुमारास बाहेर घरघर व्हायची आणि एक ड्रोन येऊन तिच्या घरासमोर लटकायचा. तिनं जाड पडदे शिवून लावले. तरी आपल्यावर कुणाचा तरी डोळा आहे, हे डोक्यातून जाईना. समोरच्या गच्चीत जोर मारणारा पहिलवान, कोपऱ्यावरचा फोटोवाला, ती एकेकाला नखशिखांत न्याहाळू लागली.

"तुमच्या खोलीशी येतो का तो?" तिनं सासूबाईंना खुणेनं विचारलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि लगेच भिंतीकडे तोंड फिरवलं. टाकेबाईच्या मनात पाल चुकचुकली.

ती नगरपालिकेत गेली. कारकून म्हणाला, "घरांपासून पन्नास मीटरच्या आत उडवायला बंदीच आहे, ताई. पण ड्रोनवरचा नोंदणी क्रमांक लागेल."

"आणि तो वाचायला मी काय उडत जाऊ?"

"तेही खरंच," म्हणून त्यानं दुसरी फाईल ओढली.

क्रमांक मिळाला तो अपघातानं. एका दुपारी वाऱ्याचा झोत आला, ड्रोन खिडकीच्या गजांवर आपटला आणि थेट रस्त्यावर कोसळला. तुटलेलं पातं एका बाबागाडीच्या छपरात घुसलं. बाळ थोडक्यात वाचलं. वॉचमननं ड्रोन पिशवीत भरून टाकेबाईच्या हवाली केला.

तिनं क्रमांक नगरपालिकेत दिला आणि तिथल्या सुनावणीला मालक म्हणून हजर झाला तो तिचा धाकटा दीर! दोन वर्षांपूर्वी त्याच्या घरी सासूबाई न्हाणीघरात पडल्या, तासभर कुणाला पत्ता नव्हता. तेव्हापासून तिनं त्याला उंबरा चढू दिला नव्हता.

"आईला बघायचं होतं, वहिनी. दुसरी वाट ठेवलीत कुठे?"

"आणि माझ्या घरात काय चाललंय तेही, नाही का भावजी?"

अधिकारी बाईंनी ड्रोनमधलं चित्रीकरण लावलं. खिडकीत सासूबाई, हातात पुठ्ठा, त्यावर ठळक अक्षरं: 'मी बरी आहे.' दुसऱ्या दिवशी: 'भाजीत मीठ नव्हतं.' कारकुनाला हसू आवरेना. तिसऱ्या दिवशी: 'ही माझ्याशी बोलतच नाही.' यावर कुणी हसलं नाही. टाकेबाईनं मान खाली घातली.

ड्रोन जप्त झाला, दिराला दंड बसला. बाळाच्या आईची त्यानं हात जोडून माफी मागितली. जिन्यात टाकेबाई त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "रविवारी या. दारातून."

तो आला. मायलेक तासभर कागदावर काहीबाही लिहीत बसले. ती दोनदा पाणी द्यायच्या निमित्तानं डोकावली, दोन्ही वेळा कागद उलटा झाला. तो गेल्यावर तिनं सासूबाईंच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून विचारलं, "काय चाललं होतं?"

"तुझंच. फार दमतेस म्हणत होता."

खरं की थाप, तिला ठरवता येईना. पण पुढच्या रविवारी चारच्या आधीच तिनं दाराची कडी काढून ठेवली.