टेपचा पहिला इंच

"शून्य कुठाय?"

शून्यकाकांनी कागद हातभर लांब धरला, मग नाकाशी आणला आणि टेबलावर ठेवून दिला. समोर उभी असलेली नवी ओठ दाबून हसली. ती या विभागात येऊन बरेच दिवस झाले होते, पण तिच्यानंतर कुणी आलंच नाही, म्हणून तिचं नाव 'नवी'च राहिलं होतं.

"आहे की काका. खाली आहे, दिसत नाही एवढंच."

"न दिसणारं शून्य मला चालत नाही. हा खांब बघ. शेजारच्याच्या दुप्पट उंच दिसतोय. रस्त्यावरचे अपघात दुप्पट झाले का?"

"छे. थोडेसेच वाढलेत."

"मग उगाच लोकांच्या पोटात गोळा का आणतेस? तळापासून काढ."

आकडेवारी कार्यालयाच्या आलेख विभागातून छापायला जाणारा प्रत्येक आलेख आणि नकाशा काकांच्या नजरेखालून जात असे. जन्माला आल्यावर पहिला शब्द त्यांनी 'शून्य' हाच उच्चारला असणार, असं कार्यालयात म्हणत. नकाशांनाही ते सोडत नसत. रोगाच्या नकाशात ओसाड भाग भडक लाल रंगवलेला दिसला की विचारत, "इथे राहतं कोण? आजारी माणसं आहेत की दगड?" घरी सकाळचं वर्तमानपत्र हातात लाल पेन्सिल घेऊनच वाचायचे आणि चहा गार करायचे. माणूस कटकट्या होता, यात वाद नाही. पण त्यांच्या हाताखालून गेलेल्या चित्राने कुणाला फसवलं, असं कधी झालं नव्हतं.

"पण काका," नवी आज हटायला तयार नव्हती, "खांबांचं ठीक आहे. रेषेला कशाला ही सक्ती? तापाचा आलेख शून्यापासून काढला तर फणफणलेल्या माणसाची रेषाही सपाट दिसेल. काही ठिकाणी बारीकसा फरकच मोठा असतो."

एरवी काकांनी तिला तिथल्या तिथे सोलून काढलं असतं. आज त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग त्यांनी हळूच विचारलं, "हृदयाचं असतं का गं तसं?"

नवीचं हसू मावळलं. काकू आजारी आहेत हे तिला ठाऊक होतं.

"ते डॉक्टरांनाच विचारा ना, काका," ती म्हणाली आणि आपला कागद उचलून जागेवर गेली.

काकूंचं हृदय थकलं होतं. रक्त पुढे ढकलायची त्याची ताकद फार कमी उरली होती. दोन खोल्या चालल्या तरी त्यांना धाप लागे, संध्याकाळी पाय सुजत, आणि रात्री उशांचा ढीग पाठीशी घेऊन बसल्या बसल्या झोपावं लागे. तरी शिवणाचं मशीन सुटलं नव्हतं. गल्लीतल्या निम्म्या लोकांचे कपडे त्यांच्याच हातचे होते. फक्त पायाने चालवायचं मशीन जाऊन आता विजेवरचं आलं होतं.

गेल्या खेपेला दवाखान्याने तपासण्यांचा एक आलेख छापून दिला. त्यात हृदयाच्या ताकदीची एक निळी रेषा डावीकडून उजवीकडे छान चढत गेली होती. काकूंनी तो कागद दवाखान्याच्या पायरीवरच उलगडला.

"अहो, बघा तरी! वर चाललीय की. तुम्हाला यातलं कळतं, तुम्ही सांगा."

काकांची नजर सवयीने आधी तळाशी गेली. तिथे शून्य नव्हतं. रेषेच्या जरासा खाली कागद संपत होता आणि जरासा वर पुन्हा संपत होता. मधल्या चिंचोळ्या पट्टीत ती रेषा डोंगर चढत होती. निरोगी माणसाची रेषा काढायची म्हटली तर ती कागद सोडून छताला लागली असती.

"हो," काका म्हणाले, "वर चाललीय."

नोकरीत एवढी वर्षं काढून त्यांनी चुकीचा आलेख पास केला तो हा पहिला. काकूंनी तो मशीनसमोरच्या भिंतीवर टाचण्यांनी लावला. रविवारी लेकीचा फोन आला. ती विमानानेच यावं लागेल इतक्या लांब राहायची. "आई, मी येऊ का गं?" तिने दर रविवारसारखं विचारलं.

"काही नको धावपळ. रेषा वर चाललीय माझी, तुझ्या बाबांनी तपासलीय. पोरांना सुट्टी लागली की निवांत या."

सुट्टीला अजून बरेच महिने होते. बाबांनी तपासलीय म्हटल्यावर लेकीनेही पुन्हा विचारलं नाही. काका शेजारच्या खुर्चीत बसून लाल पेन्सिलीला टोक काढत राहिले, आणि तेवढ्यात ती पेन्सिल अर्धी झाली. सांगावं तर हिचा धीर सुटेल, न सांगावं तर मायलेकींची भेट राहून जाईल. गेला आठवडाभर हा एकच विचार त्यांचं डोकं खात होता.

आता नवीच्या बोलण्याने त्यांना थोडी आशा वाटली होती. कोण जाणे, हृदयाच्या बाबतीत एवढीशी चढणही मोठी असेल. ते अर्ध्या दिवसाची रजा टाकून थेट दवाखान्यात गेले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाईत नव्हत्या. त्यांनी काकांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं.

"तुमचा प्रश्न बरोबर आहे. यंत्र आपोआपच रेषेभोवती कागद कापतं, त्यामुळे ती चढलेली दिसते."

"पण ती थोडी तरी चढलीय ना? थोडी का होईना."

"आज मोजलं आणि उद्या पुन्हा मोजलं, तरी एवढा फरक पडतो, काका. ती चढण नाही." त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली. "औषधाने त्यांना आराम वाटतोय, तो खरा आहे. पण कुणाला बोलवायचं असेल तर आता बोलवा."

काका बसने न जाता चालत घरी निघाले. वाटेत त्यांनी मनाशी वाक्यं जुळवली, मोडली, पुन्हा जुळवली. दारात पोचले तेव्हा एकही वाक्य जागेवर नव्हतं.

काकू मशीनपाशी बसल्या होत्या. काकांच्या जुन्या कोटाची बाही त्यांनी उसवून ठेवली होती.

"आज लवकर? बरं झालं. या इकडे, हात पुढे करा. ही बाही किती वर्षं तुमच्या बोटांवर येतेय, आणि मेला वेळच मिळत नव्हता."

काकांनी हात पुढे केला. काकूंनी त्यांच्या खांद्यापासून मनगटापर्यंत टेप लावली. तशाच अवस्थेत, हात पुढे धरून, काका बोलले.

"अगं, तो भिंतीवरचा कागद... मी तुला खरं सांगितलं नाही."

काकू माप घ्यायच्या थांबल्या नाहीत. खडूने कापडावर खूण केली.

"खाली शून्य नाहीये, तेच ना?"

काकांचा हात तसाच हवेत राहिला.

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? चाळीस वर्षं सकाळ-संध्याकाळ शून्याची पोथी ऐकतेय. दवाखान्याच्या पायरीवरच दिसलं मला." त्यांना बोलता बोलता धाप लागली. थोडं थांबून त्यांनी टेपचं टोक वर धरलं. "ही बघा. हिचा पहिला इंच तुटून जमाना झाला. एकापासून सुरू होते. म्हणून मी कुणाचा कपडा बिघडवला का? दिसेल त्यातून एक वजा धरायचा. तुमच्या कागदातूनही मी तसाच वजा धरला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही 'वर चाललीय' म्हणालात ना, तेव्हा तुमचा चेहरा बघवत नव्हता. मला वाटलं, ह्यांना तेवढाच आधार होतोय तर होऊ दे. तुम्ही आणि शून्य सोडून बोलताय, म्हणजे किती घाबरला असाल."

"आणि लेकीला नको म्हणालीस ते?"

"तिला बोलावलं असतं तर तुम्हाला कळलं असतं, मला कळलंय म्हणून."

काका खाली बसले. मशीनच्या कडेला डोकं टेकवून ते रडले, अगदी आवाज करून रडले. काकूंनी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग नेहमीच्या दटावणीच्या सुरात म्हणाल्या, "पुरे. कोटावर पाणी पडतंय. लेकीला फोन लावा. आणि तो कागद काढा तिथून. मला माझा नीट काढून द्या, तुमच्या हातचा."

काकांनी नवा आलेख रात्रीच्या जेवणाआधी काढला. तळाला ठळक शून्य, वर निरोगी माणसाची हिरवी रेषा, आणि खाली काकूंची निळी, जवळजवळ सपाट. काकूंनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिला.

"हं. आता कशी माझ्यासारखी दिसतेय," त्या म्हणाल्या. "किती कमीवर चालवलं की मी सगळं!"

चौथ्या दिवशी लेक पोरांना घेऊन आली. सुट्टी नव्हती, शाळा बुडवून आणलं. घरात गाद्यांची गर्दी झाली. नातीने आजीकडून बटण लावायला शिकून घेतलं आणि घरातल्या प्रत्येक कपड्याला एकेक जादा बटण लावलं. काकू उशांना टेकून हसायच्या आणि धाप लागली की हात वर करून सगळ्यांना थांबवायच्या. महिनाभर असं चाललं. मग एका दुपारी, लेक जवळ बसलेली असताना, त्या गेल्या.

काका कामावर परतले तेव्हा त्यांनी तो कोट घातला होता. बाही बरोबर मनगटावर येत होती. नवीने तिचा नवा आलेख भीतभीतच पुढे केला. या खेपेला रेषा होती, आणि ती शून्यापासून सुरू होत नव्हती.

काकांनी रेषेच्या तळाशी बोट ठेवलं.

"कापायचा तर काप," ते म्हणाले. "पण इथे तळाशी कापल्याची खूण कर. बघणाऱ्याला कळलं पाहिजे की खाली अजून आहे. कळलं की तो आपलं आपण वजा धरतो."

नवीने मान हलवली. दुपारी भिंतीवर लावायचा मोठा नकाशा आला. त्याला चौकट करायची होती. काकांनी कोटाच्या खिशातून कापडी टेप काढली आणि कडेला लावली.

"काका, ही तुटकी आहे," नवी म्हणाली. "पहिला इंचच नाहीये. थांबा, माझ्याकडे चांगली आहे."

"राहू दे," काका म्हणाले.

त्यांनी टेप दुसऱ्या टोकापर्यंत ताणली, आकडा वाचला आणि मनातल्या मनात एक वजा केला.