कोडाला लावलेलं हळदकुंकू

या, अशा जवळ सरका. आता अंतर ठेवायची गरज नाही. एक गंमत सांगतो. पूर्वरंगात तासभर घोळवत ठेवणारे बुवा मला स्वतःलाच आवडत नाहीत, तेव्हा थेट कथेलाच हात घालतो.

कोरोनाचं पहिलं वर्ष. देवळांना कुलपं, कीर्तनं फोनवर, आणि माणसं दुकानांसमोर चुन्याने आखलेल्या गोलात उभी. नाशिक रोडला आमच्या गल्लीत बायडाबाईंचं पूजा-साहित्याचं दुकान आहे. कापूर, वाती, नारळ, जानवी, तांब्या-पितळेची उपकरणी. यजमान गेल्यापासून त्या एकट्याच दुकान चालवतात. दुकान म्हणजे काय, सकाळी आठला शटर वर गेलं की रात्रीपर्यंत गप्पा, त्यात अधूनमधून विक्री.

त्यांचा मुलगा वाल्मीक नोटांच्या प्रेसमध्ये कामाला, राहायलाही प्रेसच्याच वसाहतीत. आता देवाची लीला बघा. आयुष्यभर नोटा छापणारा हा माणूस, आणि त्याने आईला बजावलं, "आई, नोटेला हात लावायचा नाही. कुणाकुणाच्या हातून फिरून येते, काय सांगावं!"

"अरे, तूच छापतोस ना त्या?"

"माझ्या हातात असते तोवर ती कोरी असते. पुढचं मला माहीत नाही."

शेवटी ठरलं असं : बायडाबाईंनी रोख घ्यायची नाही. गिऱ्हाइकाने फोनवरूनच पैसे भरायचे. दसऱ्यापर्यंत बघायचं. तोवर नोटेला बोट लागलेलं दिसलं, तर शटर खाली आणि आई घरात. बायडाबाई मला म्हणाल्या, "घरात बसवलं तर मी करोनाने नाही, गप्प बसून मरेन."

शेजारच्या शौकतभाईंनी, म्हणजे टेलरनी, वाल्मीकने आणलेला, पैसे भरायच्या क्यूआर कोडाचा कागद पुठ्ठ्यावर चिकटवून काउंटरवर उभा करून दिला. गिऱ्हाईक त्याच्यापुढे फोन धरायचं, आणि पैसे आल्याचा मेसेज वाल्मीकच्या फोनवर टिंग करायचा. बायडाबाईंकडे बटणाचा फोन. त्यांना काही दिसत नसे, पण वाल्मीकला दर टिंगला कळायचं, आई दुकानात आहे, बरी आहे. त्याचं चित्त त्या टिंगमध्ये अडकलेलं.

दसरा उजाडला. वाल्मीक सासऱ्यांना सोनं द्यायला विंचूरला गेला. इकडे बायडाबाईंनी आंघोळ करून दुकानात पूजा मांडली. तराजू पुसला, कात्री पुसली, त्यांना हळदकुंकू वाहिलं. मग गल्ला उघडला, तर आत पूजेची पाच नाणी सोडून काही नाही. बाई विचारात पडल्या. मग त्यांची नजर गेली कोडावर. सहा महिने लक्ष्मी येते आहे ती या कागदातून, मग पूजा रिकाम्या खोक्याची करायची की हिची? त्यांनी हळद चांगली पातळ कालवली, कोडावर पाच बोटं ओढली, मधोमध कुंकवाचा टिळा लावला, वर अक्षता चिकटवल्या आणि झेंडूची माळ घातली. मनोभावे नमस्कार केला.

तिथून पुढे लक्ष्मी रुसली.

पहिल्या आल्या वत्सलाबाई. वातींच्या पुडीसाठीही घासाघीस करणाऱ्या. त्यांनी फोन धरला, मागे नेला, पुढे आणला, तिरपा केला.

"बायडाबाई, माझा फोन म्हणतो, ओळखत नाही."

"चष्मा लावा त्याला."

"अहो, कुंकू लावून ठेवलंत त्याला! सौभाग्यवती झालाय तुमचा कोड!"

शौकतभाई धावत आले. "अक्का, फिकर नको, आत्ता साफ करतो." त्यांनी सॅनिटायझरचे दोन फवारे मारून फडक्याने घासलं. हळद गेली नाही. कोड मात्र गेला. काळं-पिवळं सगळं एक झालं, आणि कागदावर काहीतरी आकाशातल्या ढगासारखं उरलं.

"आता माझ्या कोडवर घ्या पैसे," शौकतभाई ओशाळून म्हणाले.

"नको हो. वाल्मीक म्हणेल, आईला एक कागद सांभाळता आला नाही."

"मग मुलाच्या नंबरवर पाठवते," वत्सलाबाई म्हणाल्या. पण नंबर पाठ कुणाला? बायडाबाईंच्या फोनात एक दाबलं की वाल्मीक लागतो, एवढंच त्यांना ठाऊक. आणि आज नेमकं तेच दाबायचं नव्हतं.

तोवर रस्त्यावरचे सगळे गोल भरले. पाचव्या गोलात मी, कापरासाठी. माझ्यामागे हिरामण, सुरगाण्याकडचा, इथे बांधकामावर होता. कुदळ-फावड्याच्या पूजेला त्याला नारळ हवा होता.

"मावशी," तो मागूनच ओरडला, "माझ्याकडं नोटच हाय. दुकानं फिरून आलो, कुणी घेतच नाय. नोट खोटी हाय का?"

बायडाबाईंचा जीव कळवळला. दसऱ्याच्या दिवशी नारळ मागणाऱ्याला परत कसं पाठवायचं? आणि नोट घ्यावी तर दुकान जातं. त्या मग वळल्या, फळीवरचं पितळी तबक काढलं, त्यात निरांजन लावलं, गल्ल्यातली नाणी घातली आणि तबक उंबऱ्यापुढे स्टुलावर ठेवलं.

"कीर्तनात आरती फिरते तेव्हा बुवा कुणाच्या नोटेला हात लावतात का? नाही ना? मग ज्याचं जेवढं झालं तेवढं यात टाका. सुटे आपले आपण उचला. मी शिवणार नाही."

मी मनात म्हटलं, धन्य! इतकी वर्षं कीर्तनं ऐकली, पण हे मला सुचलं नसतं.

पण आरतीच्या तबकाची एक अडचण असते. त्यातून सुटे उचलताना मागच्याची नजर पाठीला टोचते. वत्सलाबाईंनी शंभराची नोट टाकली, उरलेल्यासाठी हात पुढे केला, रांगेकडे पाहिलं, आणि तोच हात ज्योतीवरून फिरवून मास्कवर टेकवला. मीही कापराचे चाळीस झाले असताना पन्नास टाकून, नमस्कार करून बाजूला झालो. रांग पुढे सरकत राहिली, तबक भरत गेलं, सुटे कुणीच उचलेना.

हिरामणने मात्र पन्नासाची नोट ठेवली, नारळ घेतला आणि सगळ्यांदेखत वीस उचलले. "देवाला लागत नाय. मला जीपच्या भाड्याला लागंल."

तेवढ्याने सगळ्यांना धीर आला. वत्सलाबाई चार पावलं गेल्या होत्या, त्या परतल्या. एकदम तीन-चार हात तबकात शिरले, आणि त्या घाईत एका नोटेचं टोक ज्योतीवर गेलं.

"अगं बाई, नोट!" बायडाबाईंनी फुंकर मारली. मास्कमधून. पुन्हा मारली. ज्योत हललीसुद्धा नाही. सगळेच फुंकू लागले, सगळेच मास्कमधून. तेव्हा शौकतभाई पुढे झाले आणि त्यांनी हातात होतं ते फवारलं.

सॅनिटायझर!

भक्कन जाळ झाला. शौकतभाई "या अल्ला!" म्हणत मागे उडाले, रांग गोल सोडून पसार झाली, आणि नेमका त्याच वेळी मोटरसायकल आडवी टाकून वाल्मीक आला. सकाळपासून एकही टिंग नाही. आईचा फोन लावला, तर ती उचलेना; इकडे बाईंनी शौकतभाईंकडून त्याचा आवाज बंद करून घेतलेला. सासुरवाडीचं पुरणाचं ताट तसंच सोडून विंचूरहून तो सुसाट निघाला होता. वाटेत मनात काय काय आलं असेल, त्याचं त्याला माहीत. आणि समोर काय, तर जाळ, आणि जाळापलीकडे आई.

"आई!"

आई धडधाकट उभी आहे हे त्याने पाहिलं. मग त्याची नजर तबकावर गेली. प्रेसवाला तो. जळती नोट त्याला बघवते होय? दोन्ही हात तबकात घातले, नोटा मुठीत धरल्या, चुरगाळून विझवल्या आणि छातीशी घेतल्या.

गल्लीत नुसता निरांजनाच्या तुपाचा आणि जळक्या कागदाचा वास.

बायडाबाई हळूच म्हणाल्या, "वाल्मीक, नोटांना हात कुणी लावला?"

त्याने मुठीकडे पाहिलं. आईकडे पाहिलं.

"मी तर शिवलेही नाही. विचार यांना."

"नाही शिवल्या," आम्ही सगळे एका सुरात.

शौकतभाईंनी लांबूनच सॅनिटायझरची बाटली पुढे केली. वाल्मीक हसायला लागला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले, आणि तो नोटा तशाच हातात धरून उंबऱ्यावर मटकन बसला.

"दुकान बंद?" आईने विचारलं.

"चालू ठेव. पण आई, रोज संध्याकाळी एक दाबून मला फोन करत जा. काही काम नसलं तरी."

बायडाबाईंनी मान हलवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला विचारलं, "काय देऊ?"

त्यांचं दुकान आजही जोरात आहे, आणि बाई खमक्या आहेत, त्यांची काळजी नको. तुम्हाला मागणं एवढंच, देवापुढे हात जोडाल तेव्हा एकदा वाल्मीकची आठवण करा. फोन वाजत नाही म्हणून भरल्या ताटावरून उठलेल्या त्या पोराला पुन्हा कधी तसं उठायला लागू नये, एवढं म्हणा.