होटगीत नुसता चिखल

मी मरळ धरली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं एवढा गोंधळ आहे की वाचता वाचता तुम्हीही विचाराल, धरली का नाही ह्या पोरीनं? धरली. होटगीच्या तलावात, मामाच्या कोपऱ्यात, पाण्यावर वाकलेल्या बाभळीखाली. माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत लांब, पाठ काळी, ओल्या डांबरासारखी. पाण्यातच धरली, गळ काढला, सोडली. जाताना तिनं शेपटी मारून माझ्या चष्म्यावर चिखल उडवला.

मी दानेश्वरी, नववी क. दिवाळीपर्यंत मी वर्गात उत्तर येत असलं तरी हात वर करत नव्हते. आता करते. येत नसलं तरी करते. मरळ धरल्यावर तर मला वाटायला लागलं होतं की आता जगात कुणाशीही बोलता येईल. त्यामुळं मंडळाच्या बैठकीत आपला बोऱ्या वाजेल असं मनातसुद्धा आलं नव्हतं.

मंडळ म्हणजे माशीगळ मंडळ. सगळे मिळून एका सोफ्यावर आणि दोन खुर्च्यांवर मावतात. माशी खरी नसते. गळाला कोंबडीचं पीस आणि दोरा गुंडाळून किडा करायचा. तो इतका हलका की फेकला तर पायाशीच पडतो. म्हणून जाड दोरी डोक्यावरून मागं-पुढं झुलवायची, आणि दोरी जाईल तिकडं माशी जाते. दिसायला सोपं आहे. पहिल्या महिन्यात मी माझाच कान धरला होता.

मासा सोडायचाच, हा नियम. आमच्या घरी अंडंसुद्धा चालत नाही, त्यामुळं आईला हे मंडळ त्यातल्या त्यात बरं वाटतं. मासा हातात असताना मोबाईल काढायचा नाही, हा दुसरा नियम, कारण फोटोच्या नादात मासा गुदमरतो. म्हणजे पुरावा कसलाच नाही. बैठकीत बसायचं, सांगायचं, बाकीच्यांनी मानायचं.

मी इतके दिवस नुसती पाहुणी होते. पाहुण्यानं बैठकीत आपली एक सहल सांगायची. सगळ्यांनी मानली तर तो सभासद, आणि मंडळाची जादाची गळाची काठी त्याच्याकडं राहते. नाही मानली तर काठी सरोजिनी मॅडमच्या कपाटात परत. पुढच्या वर्षी माझी दहावी. आईनं सांगून ठेवलंय, सभासद असशील तर रविवारची जा, नुसतं मामाच्या मागं फिरायचं असेल तर क्लास लाव. म्हणजे ह्या बैठकीत नाही तर कधीच नाही.

बैठक, माझी पहिलीच, जुळे सोलापुरात मॅडमच्या घरी, दुपारी चहाच्या वेळेला. सरोजिनी मॅडम भूगोल शिकवायच्या, आता रिटायर आहेत, मंडळाच्या अध्यक्ष आहेत. रऊफचाचांचं जरीकामाचं दुकान आहे, सगळ्यांच्या माशा तेच बांधतात. नंदीशदादा छतावर सोलर बसवतो. आणि माझा मामा, वीरभद्रप्पा, ज्याला सगळे आप्पा म्हणतात. त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे.

नंदीशदादानं सुरुवात केली. "गेल्या रविवारी उजनीला गेलतो. बॅकवॉटरला. चार चिलाप्या, तळहातापेक्षा जरा मोठ्या."

सगळ्यांनी माना हलवल्या. मी चमकले. गेल्या रविवारी त्याचं स्टेटस अक्कलकोटचं होतं, आईला घेऊन मठात गेल्याचं. उजनी कुठं, अक्कलकोट कुठं. एका दिवसात दोन्ही कसं जमवलं? मी विचारायला तोंड उघडलं तर मामानं चिवड्याची डिश माझ्या हातात दिली.

मग रऊफचाचा. "मी हिप्परग्याला. एक कटला लागला, दोरी तोडून गेला. गेला म्हणजे धरला नाही, हे आधीच सांगतो."

"कटला केवढा?" मॅडमनी विचारलं.

"दिसला नाही, तर केवढा कसं सांगू? शेपटी दिसली. शेपटी ह्या बशीएवढी."

"मग बशीएवढी शेपटी म्हणा."

"हौ, तेच म्हणलो की."

बघा, केवढा काटेकोरपणा. मला फार आवडलं. मी ठरवलं, आपणही असंच काटेकोर सांगायचं.

माझी पाळी आली. मी उभी राहिले. होटगी तलाव, स्टेशनाकडच्या बांधावरून उतरून डावीकडं, बाभूळ पाण्यावर वाकलीय तिथं, फांदीच्या सावलीत. माशी बेडकासारखी हिरवी. मरळ. कोपरापासून इथपर्यंत. सगळं सांगितलं, चष्म्यावरच्या चिखलासकट.

चाचा हसायला लागले. "वा बेटा. पैल्याच फटक्यात. बाभळीसकट."

"चेहरा बघा की, जराही हलला नाही," नंदीशदादा म्हणाला. "मला दोन वर्षं लागली एवढं जमायला."

"काय जमायला?" मी विचारलं.

"असं सांगायला."

"पण मी खरंच सांगतेय."

हे म्हटल्यावर तर चाचांनी टाळीच वाजवली. मला काही कळेना. मॅडमनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं. "दानेश्वरी, आप्पांनी तुला सांगितलं नाही का गं? आपल्याकडं माशाबद्दल खोटं बोलायचं नाही आणि जागेबद्दल खरं बोलायचं नाही. ज्याची जागा त्याची. नंदीश उजनी म्हणाला म्हणजे उजनी सोडून कुठंही. मासे मात्र चारच."

म्हणजे ते अक्कलकोट. मठ झाल्यावर कुठंतरी. मी मामाकडं पाहिलं. मामा चिवड्यातले शेंगदाणे वेगळे करत होता.

"मला कुणीच सांगितलं नव्हतं," मी म्हणाले. "मी जागासुद्धा खरीच सांगितली."

आता कुणी हसलं नाही. "असं बोलू नको," मॅडम म्हणाल्या. "होटगीत मरळ नाही. चिलापीसुद्धा धड नाही. आप्पा किती वर्षं तेच सांगतायत, होटगीत नुसता चिखल."

"कधीपास्नं ऐकतोय," चाचा म्हणाले. "म्हणून आमी कोणी जातच नाही तिकडं."

"तेव्हा बघ," मॅडम म्हणाल्या, अगदी पेपर तपासल्यासारखं. "जागा खोटी असेल तर मासा खरा, आणि तू सभासद. जागा खरी असेल तर मासा खोटा. मग मला काठी परत घ्यावी लागेल. तूच सांग, कुठली?"

दोन्ही खरं होतं. खरं दोनदा बोलल्यावर ते निम्मं खोटं कसं होतं, हे मला गणिताच्या बाईंनीही शिकवलेलं नाही. जागा खोटी होती एवढं म्हटलं की सुटले असते. काठी माझी, रविवार माझे. जिभेवर आलंच होतं. पण मग ती मरळ होटगीची राहणार नव्हती, कुठलीतरी होणार होती, आणि मला तीच हवी होती, त्या बाभळीखालची.

"जागा खरी," मी म्हणाले. आवाज जरा चिरकला. "मासाही खरा. मामा होता माझ्याबरोबर. त्याला विचारा."

सगळे मामाकडं वळले. मामानं हात झटकले, चहाचा घोट घेतला. मला वाटलं, आता हा होटगी म्हणाला तर त्याचा कोपरा गेला. नाही म्हणाला तर मी गेले.

"पोरीनं मरळ धरली," मामा म्हणाला. "तिच्या कोपरापास्नं बोटापर्यंत. मी बघितली. पर होटगी न्हाय. कुरनूरला गेलतो आमी, धरणावर."

माझे डोळे भरून आले. सख्खा मामा. कुरनूरला आम्ही आयुष्यात कधी गेलो नाही. मी काठी उचलून मॅडमच्या पुढं ठेवायला निघाले, तर मॅडमनी हातानंच थांबवलं. नंदीशदादा छताकडं बघत बोटांवर काहीतरी मांडत होता.

"थांबा," तो म्हणाला. "आप्पा माशाबद्दल खोटं बोलत नाहीत."

"कधीच नाही," चाचा म्हणाले.

"म्हणजे मरळ खरी. आणि जागेबद्दल आप्पा खरं बोलत नाहीत. म्हणजे कुरनूर नाही."

"कुरनूर नाही," मॅडम सावकाश म्हणाल्या. "आणि होटगी न्हाय, हेही आप्पाच म्हणाले."

सगळे एकदम माझ्याकडं बघायला लागले. मग मामाकडं. मामा उठून चप्पल शोधत होता.

"आप्पा," चाचा म्हणाले, "इत्ते सालां चिखल?"

"चिखल हायच की," मामा म्हणाला. "चल ग दानू."

"काठी?" मी विचारलं.

"ने," मॅडम म्हणाल्या. पण त्यांचं लक्ष माझ्याकडं नव्हतं.

स्कूटरवर मी मागून विचारून विचारून त्याचं डोकं खाल्लं. तू मला वाचवलंस का जागा वाचवत होतास? मुद्दाम तसं बोललास का तोंडातून सवयीनं गेलं? तुला राग आलाय का? सात रस्त्याच्या सिग्नलला तो म्हणाला, "सुम्म कुंद्रु," म्हणजे कानडीत गप बस, आणि एवढंच म्हणाला. आरशात त्याचा चेहरा बघायचा प्रयत्न केला, पण आरसा बाहेरच्या बाजूला वळलेला होता.

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही नेहमीसारखे निघालो. होटगीच्या बांधावर आलो तर मॅडमची पांढरी स्कूटर, शेजारी नंदीशदादाची गाडी. खाली मामाच्या कोपऱ्यात तिघंही उभे. चाचांची दोरी बाभळीत अडकलेली आणि नंदीशदादा ती सोडवायला चढायच्या बेतात.

आले होते. म्हणजे मानलं होतं. मला नाचावंसं वाटलं, आणि त्याच क्षणी आठवलं, हा कोपरा मामाचा होता.

मामानं स्कूटर बंद केली. खाली तिघांकडं एकदा बघितलं. मग आपली काठी घेतली आणि रेल्वेच्या बाजूच्या काठाकडं चालायला लागला. तिकडं खरंच चिखल आहे.

मी बांधावर मध्येच उभी. इकडं जावं का तिकडं, कळेना.

"दानेश्वरी," खालून मॅडमनी हाक मारली. "नक्की कुठं होती गं?"

मी मामाकडं पाहिलं. तो थांबला होता. वळला नव्हता, पण थांबला होता.

"तिथं नाही मॅडम, फांदीच्या पलीकडं," मी ओरडले. "आणि नंदीशदादा, मागं सर, तुझी सावली पाण्यावर पडतेय."

नंदीशदादा मागं सरला. लगेच, काही न विचारता.

"वरडू नको की," लांबून मामाचा आवाज आला. "मरळ पळंल."

तो चिडून म्हणाला का कसं, ते मला कळलं नाही. मी काठी उचलली आणि बांध उतरायला लागले.