खाली उतरलेली नजर

बुबुळाचा ठिपका तांदळाच्या दाण्याएवढा जरी खाली उतरला, तरी गणपती समोरच्या माणसाकडे बघायचं सोडून स्वतःच्या मांडीकडे बघू लागतो. काळुरामशेठनी फळीवरच्या मूर्ती एकेक करून उजेडाकडे वळवल्या. सगळ्याच खाली बघत होत्या.

“अनिता, काय गो हे? सगळ्या देवांच्या हातात मोबाईल दिलायस काय?”

रंग लावणाऱ्या पोरी फिसकन हसल्या. अनिता हसली नाही. पेणच्या या कारखान्यात मूर्तींचे डोळे तीच आखायची.

“पुसून परत करते, शेठ.”

“कर. पण आधी तो फोन ठेव. एक डोळा झाला की लगेच त्यात बघायचं! मान वर कधी करतेस?”

शेठ गेले. फोन मांडीवरच राहिला. त्यात तिची लेक होती.

किमयानं एझ्राशी लग्न केलं आणि ती रोह्याला, नदीपलीकडे अष्टमीत राहायला गेली. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू घरातला मुलगा. ‘त्यांची माणसं एकेक करून इस्राएलला गेली. उद्या हाही माझी पोर घेऊन जाईल,’ म्हणत अनिता लग्नाला गेली नाही. तिथून बोलणंच तुटलं. मग तिनं इन्स्टाग्रामवर ‘नूतन’ नावाचं खोटं खातं उघडलं, अनंताच्या फुलाचा फोटो लावला आणि लेकीला रोज बघू लागली. लेकीचे नवे पडदे, भाजलेलं बोट, एझ्राचा वाढदिवस. किमया या नूतनताईशी बोलायचीसुद्धा. एकदा तिनं फणसाची सांदणं कशी करायची ते विचारलं. अनितानं घरचीच रीत लिहून पाठवली. ‘अगदी आईसारखी झाली,’ असं उत्तर आलं, तेव्हा ती मोरीत जाऊन रडली होती.

आणि आता आठवडाभर उघड्या बॅगांचे फोटो येत होते. सकाळी नूतननं धीर करून विचारलं होतं, ‘आईला सांगितलंस का?’

ती ओल्या फडक्यानं एकेक डोळा पुसत असताना फोन थरथरला.

‘तिला काय सांगायचं, ताई? तिनं कधी एक फोन तरी केला का? परवा विमान आहे. तिच्यापेक्षा तुम्ही बऱ्या. रोज विचारता तरी.’

अनितानं लिहिलं, ‘आईचा जीव तुटत असेल.’ पुसलं. काहीही लिहिलं तरी ते नूतनचंच होणार होतं. खरं सांगावं, तर किमया दोघींनाही तोडून टाकील. मग लांबून बघणंही संपेल.

“काय झालं गो?” शेजारी मुकुट रंगवणाऱ्या पुतळीनं विचारलं. “चेहरा बघ कसा झालाय.”

“काय नाय,” म्हणत ती उठली, मूर्ती वाळत घातलेल्या अंगणात आली. लेकीचा नंबर तिला पाठ होता. तिनं तो दाबला.

“हॅलो? कोण बोलतंय?”

किमयानं तिचा नंबर काढून टाकला होता. हा आवाज अनिता रोज तिच्या व्हिडिओंत ऐकत होती, पण तिला उद्देशून त्यानं इतक्या दिवसांत काही विचारलं नव्हतं.

“हॅलो? बोला ना. ठेवू का?”

“ठेवू नको गो. आई बोलतेय. ती नूतन म्हणजे मीच.”

किमयानं फोन ठेवला नाही.

“शिव्या दे, दार उघडू नको. पण मी रोह्याला येतेय, किमया. आता निघतेय.”