दुपारच्या बॅचचा कंपायलर

मुबश्शिरानं मशीन चालू केलं, एफ-वन दाबला, 'मेक' ही आज्ञा टाइप करून एंटर मारला आणि हात मांडीवर घेतले. पडद्यावर ओळी पळू लागल्या. पहिली ओळ तीच होती. कालची, परवाची.

"परत पहिल्यापासून, मिस?" मागं उभ्या असलेल्या सिंधुनं विचारलं.

"परत पहिल्यापासून."

"लाइट गेली की ह्याला समदं इसरायलंय."

"विसरायला नको. पुस्तकात लिहिलंय, जिथं थांबलं तिथून पुढं जातं."

"पुस्तकवाल्याच्या गावात लाइट जात नसंल."

मुली खो खो हसल्या. मुबश्शिराला हसू आलं नाही. आज बुधवार होता, आणि सोमवारपासून हेच चाललं होतं.

वीरण्णा सरांच्या कोचिंग क्लासची इमारत तीन मजली. वरचे दोन मजले डॉक्टर-इंजिनिअर व्हायला लातुरात आलेल्या पोरांनी ठासून भरलेले, आणि तळाला आठ जुन्या मशीनची संगणकाची खोली. दुपारी एक ते तीन तिथं सात मुलींची सी भाषेची बॅच चाले. मुबश्शिरा ती चार वर्षं घेत होती. परीक्षेचं प्रॅक्टिकल नांदेडला होणार होतं आणि तिथले प्रोग्रॅम इथल्या कंपायलरला झेपत नव्हते. आपण लिहिलेलं मशीनला कळेल असं करून देणारा तो कंपायलरच म्हातारा झाला, तर पोरींनी शिकायचं कशावर? मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरचा तयार कंपायलर ह्या मशीनला लागू होईना. उरला एकच मार्ग. त्याचा मूळ कोड घ्यायचा आणि इथंच, ह्याच मशीनवर, पहिल्या विटेपासून तो बांधायचा. काम आठ-नऊ तासांचं. लातुरात सलग आठ तास लाइट राहील, असं म्हणणाऱ्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं.

"बसला का?" दारातून वीरण्णा सरांचा आवाज आला.

"बसतोय."

"तीन दिस झालं, बसायलाच लागलाय." सरांनी खोलीभर नजर फिरवली. "हे बघा मॅडम, शनिवारपर्यंत बसला तर ठीक. न्हाई तर सोमवारपासून दुपारी इथं सराव पेपर टाइप करून घेतो. सात पोरींसाठी आठ मशीन गुंतवून ठेवायला मी काय खुळा हाय का? पुण्याचा माणूस आसता तर तासात बसवला आसता."

"मग तीन दिवस त्याला का नाही बोलावलं?"

सर जिना चढून वर गेले.

मुबश्शिराची कानशिलं तापली होती. बॅच बंद म्हणजे काय, हे ह्या माणसाला सांगून कळणार नव्हतं. नाझनीनला घरून दुपारचीच परवानगी होती, तीही शिकवणारी बाई आहे म्हणून. सिंधु भूकंपानंतर नव्यानं वसलेल्या गावातून रोज एसटीनं यायची. साडेतीनची गाडी चुकली तर शिक्षण बंद, असा तिच्या बापाचा दम होता. संध्याकाळी सुदर्शन सरांची सी भाषेचीच पंचवीस पोरांची बॅच असे. तिथं ह्यांतली एकही गेली नसती.

"बंद करून दाखवा म्हणावं," ती दाराकडं बघून म्हणाली.

तीनला दहा कमी असताना लाइट गेली.

गुरुवारी तिनं वेगळं केलं. पुन्हा सुरुवात करण्याआधी सिंधुला मशीनवर बसवलं आणि आजवर बांधून झालेल्या फायलींची यादी वहीत उतरवायला सांगितली. सिंधुनं अर्धं पान लिहिलं आणि पेन थांबवलं.

"मिस, ह्या समद्या एकाच दिवशी जन्मल्यात."

"काय?"

"तारीख बघा की. एक जानेवारी ऐंशी, एक जानेवारी ऐंशी. आमच्या शाळेच्या रजिस्टरावानी. भूकंपात कागदं गेली, मग गुरुजींनी पत्र्याच्या शेडात बसून नवं रजिस्टर केलं. ज्याची तारीख म्हाईत न्हाई त्याला एक जून. माझी अन् माझ्या भैनीची, उमाक्काची, तारीख एकच, साल बी एकच. ती दोन वर्सांनी थोरली हाय माझ्याहून! फारम भरताना दर वेळी इचारतेत, जुळ्या हाय का?" सिंधु हसायला लागली. "कागदावर थोरली कोन अन् धाकटी कोन, कुनाच्या बापाला कळंना."

मुबश्शिराही हसली आणि हसता हसता थांबली. खुर्ची ओढून पडद्याजवळ गेली. मूळ कोडच्या फायलींवर तारीख नव्व्याण्णव सालची होती. त्यांच्यापासून परवा बांधलेल्या फायलींवर ऐंशीची.

"या अल्लाह," ती म्हणाली. "लेक आईच्या एकोणीस वर्षं आधी जन्मलीय."

'मेक' तारखाच तर बघतं. बांधलेली फाइल मूळ फायलीपेक्षा नवी असली तर तिला हात लावत नाही. जुनी दिसली की परत बांधायला घेतं. मशीनच्या आतली घड्याळाची बॅटरी कधीच मेली होती, त्यामुळं लाइट गेली की घड्याळ ऐंशी सालात जाऊन बसे. सुरू होताना मशीन इंग्रजीत तशी तक्रार करायचं, रोज करायचं, आणि अख्खी खोली एफ-वन दाबून पुढं जायची. 'ते काही नसतं, एफ-वन दाबा,' हे पोरींना पहिल्याच दिवशी कुणी शिकवलं होतं? तिनंच.

"माझी चूक," ती मोठ्यानं म्हणाली. "चार वर्षांची. आता ऐका. ह्यापुढं तक्रार आधी वाचायची. आणि मशीन उठलं की हातानं तारीख घालायची, मगच बाकीचं."

जुनं सगळं पुसून, खरी तारीख घालून तिनं काम सुरू केलं. तासाभरात लाइट गेली. परत आली तेव्हा सिंधुनं तारीख आणि वेळ टाइप केली, 'मेक' म्हटलं, आणि सातही जणी पडद्यावर वाकल्या. पहिली ओळ वेगळी होती. काम मधूनच पुढं निघालं होतं.

"चल्या! अरे चल्या ना!" नाझनीन ओरडली. मुबश्शिराला रडू आलं. तिनं ते लपवलं नाही.

शुक्रवारी लाइट तीनदा गेली, शनिवारी सकाळी दोनदा. शेवटी एक परीक्षा उरली होती. नवा कंपायलर स्वतःलाच दोनदा बांधतो आणि दोन्ही प्रती ताडून बघतो. त्या जुळल्या नाहीत तर सगळी मेहनत पाण्यात. दीड वाजता ती ताडणी सुरू झाली. फरक निघाला नाही. सिंधुनं आपला प्रोग्रॅम नव्या कंपायलरला दिला आणि तो बिनतक्रार चालला.

दोन वाजता सर दारात आले, बरोबर सुदर्शन सर.

"बसला?"

"बसला."

"मानलं मॅडम!" सर एकदम खुलले. "मग बॅच कशाला बंद करायची? उलट जाहिरात देऊ. फकस्त सोमवारपासून शिकवायला सुदर्शन सर. पालकांना जरा वजन वाटतंय."

मुबश्शिराच्या अंगाचा तिळपापड झाला.

"त्यांनी शिकवलं तर ह्या मुली येणार नाहीत. मीही येणार नाही. कंपायलर ठेवा तुमच्याकडं."

"आवो, बसवलाय की तुमी. आता नुस्तं शिकवायचंच तर हाय."

"सर," सुदर्शन सर बाहेरूनच बोलले. चार वर्षांत एकाही मीटिंगला त्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता. "मला हे नव्या कंपायलरचं येत न्हाई."

"मग शिकून घ्या की."

"तेच म्हणायलो. मॅडम, माझ्या बॅचच्या आधी, चारला, अर्धा तास देताल का मला?"

"देते," मुबश्शिरा म्हणाली. मग वीरण्णा सरांकडं वळली. "सोमवारी एक वाजता बॅच आहे. मी घेणार आहे."

वीरण्णा सरांनी एकदा सुदर्शन सरांकडं, एकदा तिच्याकडं बघितलं.

"बघू तरी, काय बांधलंय एवढं," ते पुटपुटले आणि त्यांनी आत पाऊल टाकलं.

"सर, बूट."

संगणकाच्या खोलीत चपला-बूट काढून यायचं, ही पाटी सरांनीच लावली होती आणि चार वर्षांत स्वतः एकदाही पाळली नव्हती. दाराबाहेर आठ जोड ओळीनं लावलेले होते. सुदर्शन सरांनीही आपल्या चपला काढल्या होत्या.

सरांनी खाली बघितलं, मग वर बघितलं. मुबश्शिरा खुर्चीवरून उठली नाही. शेवटी ते उंबऱ्यापाशी वाकले. नाडीची गाठ काही केल्या सुटेना. सगळ्या जणी वाट बघत बसल्या. घाई कुणालाच नव्हती.