वेदिकाची चूल

गणपतीला नऊ दिवस उरले होते आणि वाडीत डेंग्यूचे दोन रुग्ण निघाले होते. बाबल्या सिव्हिलला होता, शेजारची गोदाकाकी घरीच तापाने पडून होती. वाडीच्या आशा सेविका नंदाताईंनी चार दिवसांत एकतीस घरांतली पिंपं, हौद, फ्रिजमागचे ट्रे पालथे घातले. डासांची अळी कुठेच सापडली नाही.

"आता तुमचंच घर राहिलं," आरोग्य सेवक हर्षद म्हणाला.

"माझ्याकडे काय रे बघायचं? दर शनिवारी सगळं पाणी ओतून कोरडा दिवस पाळते मी."

"म्हणून तर दाखवा. नायतर लोक म्हणतील, बाईंचा पेपर कोणी तपासलाच नाय."

त्या हसल्या. पिंप कोरडं होतं, टाकीला झाकण होतं. हर्षद मागच्या पडवीत गेला आणि बॅटरी मारून खाली बसला.

"ताई, हे काय?"

वेदिकाची भातुकली. मे महिन्यात मुंबईला परत जाताना चार वर्षांच्या नातीने तीन दगडांवर टोप ठेवला, शेजारी बादली नि कळशी मांडली आणि बजावलं, "आजी, हलवायचं नाही हां. गणपतीला आले की जेवण करणार." नंदाताई रोज भोवतीने झाडत. भांड्यांना हात लावत नसत. पागोळ्यांचं पाणी त्यांत साठलं होतं. बॅटरीच्या उजेडात अळ्या वळवळल्या.

गोदाकाकीचं दार तिथून दहा पावलांवर होतं.

हर्षदने आवाज उतरवला. "ओतून टाका. मी नाय लिहीत."

"आण ती वही."

घर क्रमांक बत्तीस, दूषित भांडी तीन. त्यांनी स्वतःच लिहिलं. मग मुलाला फोन लावला.

"राजेंद्र, वेदिकाला या खेपेस आणू नको. डास माझ्याच घरात झालेत. पाणी ओतलं तरी उडालेले डास इथेच फिरणार ना?"

"आई, तिकिटं काढलीत. ती रोज दिवस मोजते."

"मी काय वेगळं करते रे? तू एकटा ये."

तेवढ्यात वेदिकाने फोन ओढून घेतला. "आजी, माझी चूल आहे ना?"

"आहे गो."

फोन ठेवून त्यांनी भांडी आतून खरवडून घासली. डासांची अंडी कडेला चिकटून राहतात. फडक्याने पुसली. मग होती तिथेच पुन्हा मांडली. टोप तीन दगडांवर, शेजारी बादली, कळशी.

फक्त पालथी.